वहिनीच्या हातचं

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, आई गेली तिच्याजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही, आमच्या वस्तीवर कधी येणार नाही, आणि आलात तरी पहिल्या घरात चहा घेऊन पुढं जाल. पहिलं घर माझं आहे. दुसरं थोरल्या भावाचं. त्या दुसऱ्या घरातल्या बाईचं हे सगळं आहे. पण तिच्यावर येण्याआधी मला माझ्या आतड्यांबद्दल बोलावं लागणार, आणि त्याचाच मला वैताग आहे — चौदा वर्षं झाली, मनात कुठलाही विषय आला की तो शेवटी आतड्यांवर येऊन बसतो.

मी जनावरांचा डॉक्टर. म्हणजे पदवीवाला नव्हे. पदविका केलेला, गाई भरवणारा म्हणजे कृत्रिम रेतन करणारा, सोनईच्या आसपासच्या वस्त्यांवर मोटारसायकलवर फिरणारा. लोक डॉक्टर म्हणतात आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. माझं निम्मं काम शेणाचं. कुणाच्याही गोठ्यात शिरलो की मी आधी खाली बघतो. शेण पातळ आहे का, वास कसला, आव पडते का, रक्ताची रेघ दिसते का — हे प्रश्न मी बायाबापड्यांसमोर, पाहुण्यांसमोर, एकदा तर साखरपुड्याच्या मांडवाच्या कडेला उभं राहून मोठ्यानं विचारलेत. लाज कसली? शेतकऱ्यांनाही नसते. चिमटीत धरून दाखवतात, बघा डॉक्टर, असं येतंय.

आणि हाच मी, स्वतःला रक्त पडायला लागल्यावर सात महिने तोंडाला कुलूप लावून बसलो.

पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा काल बीट खाल्लं होतं का ते आठवत राहिलो. आमच्या घरात बीट कुणी खात नाही, तरी आठवत राहिलो. मग ठरवलं, मूळव्याध असेल. मग उष्णता. मग दिवसातून पाच वेळा, आठ वेळा, बारा वेळा. घास पोटात उतरायच्या आत मुरडा. आणि मुरडा म्हणजे — कसं सांगू तुम्हाला? धडधाकट माणसाला लागते तेव्हा तो चप्पल शोधतो, टमरेल शोधतो, वाटेत कुणाशी दोन शब्द बोलतो. मला चार-पाच श्वासांची सवलत मिळायची. रस्त्यानं जाताना मी गावं बघायचं सोडलं आणि ऊस बघायला लागलो. इथं उभा आहे, बरं झालं. इथं तुटून गेलाय. इथं खोडवा अजून गुडघ्याएवढा, त्याचा काही उपयोग नाही.

एकदा एका वस्तीवर गाईत खांद्यापर्यंत हात घातलेला आणि माझ्याच पोटात पीळ पडला. माझा चेहरा बघून मालकाला वाटलं, आत काहीतरी विशेष सापडलं. "काय डॉक्टर, गाभन हाय व्हय?" मी हात काढला आणि प्लास्टिकचा लांब मोजा हातात तसाच ठेवून उसात पळालो. परत येऊन सांगितलं, फोन आला होता, इथं रेंज नाही. शेणानं भरलेला मोजा घालून कोण फोन घेतं? पण त्यानं विचारलं नाही. भला माणूस.

पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली. नुसत्या आतड्यावर भागलं असतं तर एक वेळ सोसलं असतं, पण ते सगळ्या अंगावर उठलं. घोटे सुजायचे, गुडघ्यात ठणका, तोंडात फोड, अंगात रक्त नाही म्हणून चार पायऱ्या चढलो की धाप. एकदा डोळा असा लाल झाला की लोक म्हणाले, डॉक्टर घ्यायला लागलेत. आणि सल्ले — अरे देवा, ते सल्ले. ताकात जिरं टाका. ताक बंद करा. बेलाचा मुरंबा. डाळिंबाची साल. कुड्याचा काढा, तोही अनशापोटी. प्रत्येकाचा एक मावसभाऊ असतो आणि तो या सगळ्यानं आठ दिवसांत बरा झालेला असतो. मी ते सगळं प्यालो, कारण नाही म्हणायचं तर काय होतंय ते सांगावं लागलं असतं. चहा बंद केला, दूध बंद केलं, ज्या घरात सहा गाई होत्या त्या घरात. काहीही फरक पडला नाही.

शेवटी एकटाच नगरला गेलो. घरी सांगितलं, रेतनाचं शिबिर आहे. दुर्बिणीनं तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरनं कागदावर मोठं आतडं काढलं आणि पेनानं ठिपके देत गेला — इथून इथपर्यंत अस्तर सोललंय, जखमा आहेत. म्हणाला, अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते, ती चुकून तुमच्याच आतड्यावर उठलीय. समूळ जाणार नाही, पण ताब्यात राहील. रोज गोळ्या घ्याव्या लागतील, मधूनच उसळेल, मधूनच निवळेल. मी विचारलं, कशानं झालं? तो म्हणाला, नक्की कुणालाच माहीत नाही, कधी कधी घराण्यात असतं. मग मी अजून एक विचारलं. घरच्या जेवणातून काही? तिखट, तेल, कुणाच्या हातचं काही?

"नाही," तो म्हणाला. "जेवणातून होत नाही हे."

मी ते स्पष्ट ऐकलं. चांगल्या उजेडात, शुद्धीवर असताना, आपल्या मराठीत ऐकलं. पुढं जे झालं त्यात मला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, म्हणून हे सांगून ठेवतो.

मग घरी येऊन सरळ सांगितलं का नाही? तोच तर वैताग. मला आमचं गाव माहीत होतं. एकदा कानफाट्या नाव पडलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं, नातवापर्यंत जातं. दुसऱ्याच्या गाईची हगवण थांबवणारा डॉक्टर आणि ह्याचीच थांबत नाही — काय नाव पडलं असतं ते मी इथं सांगत नाही, तुम्हाला सुचलंच असेल. आतड्याचा रोग म्हटलं की लोक थेट कॅन्सरवर जातात. मी फाईल मोटारसायकलच्या डिकीत टाकली आणि गोळ्या जनावरांच्या औषधांच्या पेटीत, जंताच्या गोळ्यांखाली. बायकोनं एकदा बघितल्या तेव्हा ॲसिडिटीच्या आहेत म्हणालो. अजून ती तेच समजते.

आता वहिनी.

तेव्हा घर एकच होतं. आई, दादा, वहिनी, त्यांची पाच वर्षांची पूजा, मी आणि माझी बायको सुनंदा. स्वयंपाक वहिनीकडं होता. काष्टीची लेक, लग्न होऊन आली तेव्हापासून चूल तिच्या ताब्यात, आणि कुणाची हरकतही नव्हती, कारण तिच्यासारखं कुणाला जमतच नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडं बायका एकमेकींच्या घरी जाऊन कुरडया करतात. गव्हाचा चीक शिजवताना एक गुठळी राहिली की सोऱ्यात अडकते आणि सगळा घाणा वाया. म्हणून त्या पातेल्यापाशी वहिनीला उभं करायचे. चैत्र लागला की पहाटेपासून बोलावणी — लताबाईला पाठवा, चीक घोटायचाय. ती महिनाभर घरात नसायचीच म्हणा ना. संध्याकाळी यायची ती हात भाजून, खुशीत.

माझं वाळत चाललेलं अंग बघून आईनं एक दिवस निकाल दिला. "इतके काढे पेलास, काही गुन न्हाई. ह्ये औषदाचं काम न्हाई. कुनीतरी खायाला घातलंय तुला." आमच्या भागात हे नवं नाही. माणूस कारणाशिवाय खंगत चालला की लोक म्हणतात, जेवणातून काहीतरी घातलं, आणि ते पोटातून काढणारा माणूस शोधतात. आईला शेवगावच्या पुढं एका वस्तीवर असा बाबा असल्याचं कळलं होतं. नगरहून येऊन मला आठ दिवस झाले होते. गोळ्या लागू पडायला नुकती सुरुवात झाली होती — बाराचे आठवर आले होते. मी जायला नको होतं. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि मी गेलो.

बाबानं कसलंतरी कडू पाणी पाजलं, पाठीवर थाप मारली आणि मला परातीत ओकायला लावलं. त्यात एक काळा, केसाळ गोळा निघाला. मी गाईंची पोटं आतून चाचपलेला माणूस; तो गोळा माझ्या पोटातून आला की त्याच्या बाहीतून, हे मला कळणार नाही होय? तो म्हणाला, घरातलंच आहे, भाकरी थापणारं आहे, नाव विचारू नका. आईनं नाव विचारलं नाही. येताना जीपमध्ये मी खिडकीतून ऊस बघत आलो.

घरी आल्यावर आईनं अंगणातच वहिनीला थांबवलं. चुलीला हात लावायचा नाही म्हणाली. पहिल्यांदा वहिनीला वाटलं, काहीतरी सोवळंओवळं असेल. मग कळलं. ती रडली नाही. दादाकडं बघितलं, दादा जमिनीकडं बघत होता. मग ती माझ्याकडं वळली.

"भाऊजी, तुमी शिकलेले हायेत. तुमी सांगा आईला. मी काय घातलं तुमच्या ताटात?"

मोटारसायकल दहा पावलांवर लावलेली होती. डिकीत फाईल. चावी खिशात — मला आठवतं, मी खिशात हात घालून चावी चाचपली. वहिनीनं मला आजारपणात बिनतिखटाचं वरण वेगळं करून वाढलं होतं, सात महिने, कुणी न सांगता. तिला कसं कळलं होतं मला तिखट झोंबतं ते? मी कधी बोललो नव्हतो. ती बघत होती, म्हणून कळलं होतं.

मी म्हणालो, "मला काय माहीत."

एवढंच. हेच ते. गप्प बसलो असतो तरी पुष्कळ बरं झालं असतं. गप्प माणसाचा अर्थ लोक दोन्हीकडून लावतात. मी बोललो, आणि माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर त्यात शंका राहिली नाही. आजारी माणूसच जर म्हणतोय मला काय माहीत, तर नाही म्हणायला कोण उरलं?

आणि मग मी बरा झालो. याचा संताप मला आजही येतो. गोळ्यांनी रक्त थांबलं, त्यातल्या स्टेरॉइडनं भूक खवळली, तोंड पुनवेच्या चंद्रासारखं वाटोळं झालं. वस्तीवर बातमी — बाबानं काढलं, वहिनीच्या हातचं सुटलं, डॉक्टर सुधारले. माझं वजन जसजसं वाढत गेलं तसतसा तिच्यावरचा आळ पक्का होत गेला. मी रोज सकाळी गोठ्यात जाऊन जंताच्या गोळ्यांखालची पाकिटं काढायचो, गोळी गिळायचो, आणि बाहेर येऊन सुनंदाच्या हातची भाकरी खायचो. तिच्या भाकरीच्या कडा कच्च्या राहतात. मी तक्रार केली नाही.

महिन्याभरात वाटणी झाली. मधे भिंत आली. आलेल्या चैत्रात वहिनीला कुरडयांचं एक बोलावणं आलं, तेही काष्टीहून, तिच्या माहेरचं. गावात कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. आमची माणसं तेवढी सभ्य आहेत. फक्त बोलावलं नाही. ती आपल्या गच्चीवर एकटी कुरडया घालायची आणि मी रस्त्यानं जाताना वर बघायचो नाही. दादाकडं गेलो की चहा दादा आणून द्यायचा. ती आतून कप दादाच्या हातात द्यायची, माझ्या नाही. तिनं स्वतःहूनच ठरवलं होतं ते. आई तीन वर्षांनी वारली. तेव्हा तरी सांगायचं होतं. आता कोण दुखावणार होतं? पण तोवर माझं सगळं सुरळीत बसलं होतं, आणि सुरळीत बसलेलं उचकटायला मला जीव होत नव्हता.

गेल्या वर्षी पूजाला झालं. तीच पूजा, आता एकोणीस वर्षांची, राहुरीला शिकायला. सुट्टीत घरी आली ती दिवसातून दहा वेळा पळणारी, पांढरी फटक, घोटे सुजलेली. मला बघताक्षणी कळलं. न कळायला काय झालं होतं? पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मी दादाकडं गेलो तर दादा चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. आयुष्यात परात न शिवलेला माणूस. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ती म्हनती, माझ्या हातचं नगं पोरीला. माझ्या हाताला कायतरी हाय."

म्हणजे तेरा वर्षांत तिला ते पटलं होतं. इतरांनी म्हणून म्हणून नव्हे — तिनं स्वतः विचार करून, मी खंगलो, मग लेक खंगली, दोघंही आपल्या हातचं जेवलेले, असा हिशोब मांडून स्वतःला गुन्हेगार ठरवलं होतं.

मी दोघींना नगरला नेलं. दवाखाना मुद्दाम दुसरा निवडला, जिथं माझं तोंड कुणी ओळखणार नाही. इतकी अक्कल तेव्हाही शाबूत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला असा आजार? वडील, आत्या, काका? वहिनीनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नव्हे, डॉक्टरांशी बोलायचं काम माझं, म्हणून.

"नाही," मी म्हणालो.

तपासणी झाली आणि निघालं ते तेच, माझंच. बाईंनी सगळं नीट समजावलं, पोरीलाही आणि आईलाही. वहिनीनं पदर सावरून एकच विचारलं, "म्हंजी माझ्या हातचं खाऊन न्हाई ना झालं?" बाई म्हणाल्या, अजिबात नाही, कुणाच्याही हातचं खाऊन होत नाही हे. वहिनी खुर्चीत जरा मागं टेकली. इतक्या वर्षांत मी तिला पाठ टेकून बसलेलं बघितलं नव्हतं.

मेडिकलसमोर आम्ही गोळ्यांसाठी उभे होतो. ती म्हणाली, "भाऊजी, तुमाला तवा ह्येच झाल्तं का?"

सांगा — याहून सोपं कुणी कुणाला कधी केलं असेल? नुसती मान हलवायची होती.

"नाही वहिनी. माझं वेगळं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "तुमचं येगळं." आणि चिठ्ठीची घडी घालून काउंटरकडं वळली.

पूजा आता बरी आहे. ती ओट्यावर बसून सगळ्यांदेखत गोळी घेते आणि विचारणाऱ्याला सांगते, माझ्या आतड्याला सूज येते, आयुष्यभर घ्यायच्या आहेत. एकोणीस वर्षांची पोरगी. तिला कुणी नाव ठेवलं नाही. आणि मी तीच गोळी गोठ्यात जाऊन घेतो. वहिनी तिला पुन्हा स्वतः रांधून घालायला लागली होती.

गेल्या आठवड्यात माझं पुन्हा उसळलं. गुरुवारी दिवे लागायच्या वेळी दादा डबा घेऊन आला. हुलग्याचे शेंगोळे होते. म्हणाला, तिनं दिलेत, पहिल्यांदा दिलेत, खाशील का? सकाळपासून माझं सात वेळा झालं होतं. पोटात पाणी ठरत नव्हतं. मी म्हणालो, नको रे, माझं पोट बिघडलंय. अगदी खरं होतं ते.

दादा डबा घेऊन परत गेला. मी ओट्यावर बसलेलो होतो, अंगणातली भिंत कमरेएवढीच आहे, पलीकडचं सगळं दिसतं. दादा वहिनीला म्हणाला, नको म्हणतोय, पोट बिघडलंय म्हणे. तिनं डबा घेतला. पूजा तिथंच ताट घेऊन बसली होती, तेच शेंगोळे खात होती. वहिनीनं खाली वाकून तिच्या पुढचं ताट उचललं. "आये, मी खातीये ना," पूजा म्हणाली. वहिनी ताट घेऊन मागच्या दारानं उकिरड्याकडं गेली.

मी उठलो नाही. हे गुरुवारचं. आज मंगळवार आहे, आणि मी अजून तिच्या दारात गेलेलो नाही.